स्पेंटवॉशची राख, दगडी कोळशाची राख आणि एक छोटा गॅसिफायर : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

मतदान उरकलं, ऊसतोड टोळ्या फडात उतरल्या, कारखान्यांचे बॉयलर पेटले. म्हणून राख ताजी मिळाली. पोती आज वर्कशॉपच्या मागच्या खोलीत लावली. तीन प्रकार आहेत.

एक, औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश. करडी, इतकी बारीक की ओतताना पाण्यासारखी वाहते. दोन, साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची राख. काळपट, हलकी, मध्येमध्ये अर्धवट जळालेले तंतू. तीन, डिस्टिलरीच्या इन्सिनरेशन बॉयलरची राख, म्हणजे स्पेंटवॉश जाळून उरलेली. पिवळट-तपकिरी, जड, आणि हवेतली ओल ओढणारी. या तिसऱ्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधून भागणार नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच ठेवावं लागेल.

माझा जीव आहे तो याच तिसऱ्या राखेत. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. पूर्वी तो लगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यांत, सोडायचे, त्याच्या वासाने गावंच्या गावं हैराण व्हायची. आता तो आटवून घट्ट करतात आणि बगॅस किंवा दगडी कोळशाच्या जोडीने बॉयलरमध्ये जाळतात. उसाने जमिनीतून ओढलेलं पोटॅश साखरेत उतरत नाही. ते मळीत राहतं, मळीतून स्पेंटवॉशमध्ये येतं आणि शेवटी या राखेत साठतं. गॅसिफिकेशनला, म्हणजे लाकडाचा किंवा कोळशाचा जळाऊ वायू करण्याला, पोटॅशियम चालना देतं हे जुनं ज्ञान आहे. मग बाटलीतलं महागडं पोटॅशियम कार्बोनेट कशाला, ही राखच वापरून बघू, असा प्रस्ताव आहे.

सरांनी वहीत एकच प्रश्न लिहून दिला : राखेमुळे लाकडी कोळसा लवकर संपतो का, आणि संपत असेल तर कुठल्या राखेमुळे?

७ डिसेंबर

बाहेरच्या प्रयोगशाळेतून एक्सआरएफचे (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे आले. अनपेक्षित काही नाही. फ्लाय ॲशमध्ये सिलिका आणि ॲल्युमिना मिळूनच बहुतेक वजन भरतं, चुना नगण्य. आपल्याकडच्या दगडी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते आणि ती अशीच असते. लिग्नाइटची राख असती तर चुना भरपूर मिळाला असता, पण लिग्नाइटच्या खाणी महाराष्ट्रात नाहीत. बगॅसच्या राखेत सिलिकाच सिलिका. स्पेंटवॉशच्या राखेत पोटॅशियम पहिल्या नंबरवर, त्याखालोखाल क्लोरीन आणि गंधक.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. एक्सआरएफ 'पोटॅशियम ऑक्साइड' म्हणून आकडा देतं, पण ऑक्साइड म्हणून ते तिथे नसतंच. या राखेत ते मुख्यतः सल्फेट आणि क्लोराइड आहे, कार्बोनेट थोडंच. नुसता आकडा वाचून कुणी फार आशा लावू नये.

१२ डिसेंबर

आमच्याकडे टीजीए, म्हणजे तापवता तापवता नमुन्याचं वजन टिपणारं यंत्र, नाही. तालुक्याच्या कॉलेजात असतही नाही. त्यामुळे उभ्या नळीची भट्टी, तिच्यात निक्रोमच्या तारेने टांगलेली स्टीलच्या जाळीची टोपली, वर डिजिटल तराजू आणि खालून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, अशी जोडणी केली आहे. टोपलीत कोळशाचा चुरा ठेवायचा, ८५० अंशांवर न्यायचा, आणि दर मिनिटाला वजन टिपायचं.

पहिल्या दिवशी तराजू स्थिरच होईना. भट्टीच्या तोंडातून वर येणारी गरम हवा तराजूच्या बुडाला लागायची आणि आकडा नाचत राहायचा. वर्कशॉपचे मामा जरा वेळ बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर येताना स्टोव्हची जुनी पत्र्याची चकती घेऊन आले. मधोमध तारेपुरतं भोक पाडलं, चकती भट्टी आणि तराजूच्या मध्ये आडवी धरली, आणि तराजूचा स्टँड भट्टीच्या टेबलावरून उचलून वेगळ्या स्टुलावर मांडला. आकडा थांबला. "मॅडम, तार भोकाला घासती का तेवढं बघा," म्हणाले. घासत होती. तार दोन मिलिमीटर सरकवली.

कोळसा वेड्या बाभळीचा. सोलापूरच्या आसपास तिची कमतरता नाही. ६०० अंशांवर झाकणबंद क्रुसिबलमध्ये केला, कुटला, चाळला.

१६ डिसेंबर

रीडिंग. सगळ्या नमुन्यांत कोळसा तोच, तापमान तेच.

नुसता बाभळीचा कोळसा : वजन संथपणे उतरतं, शेवटी शेवटी फारच रेंगाळतं.

फ्लाय ॲश मिसळून : फरक नाही. असलाच तर उलट्या बाजूने.

बगॅसची राख : फरक आहे असं म्हणायला आलेख फार ताणावा लागेल. ताणणार नाही.

शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट (तुलनेसाठी) : उतार एकदम तीव्र. हे अपेक्षित होतं.

स्पेंटवॉशची राख : कार्बोनेटच्या मागे, पण नुसत्या कोळशाच्या खूप पुढे. अर्ध्याहून कमी वेळात तेवढंच वजन उतरलं.

विशेष म्हणजे राख नुसती कोरडी मिसळली होती, भिजवली नव्हती. तरी तिने काम केलं, कारण पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांच्या आसपास वितळतं आणि सल्फेटच्या सोबतीने त्याच्याही खाली. ८५० ला ते कोळशाच्या अंगावर पसरलेलं असणार. टोपली बाहेर काढली तेव्हा उरलेल्या राखेवर चकचकीत थर होता. हा थर आज आवडला. पुढे गॅसिफायरच्या जाळीवर असाच थर बसला तर आवडणार नाही, हेही लिहून ठेवते.

१७ डिसेंबर

दिवसभर वाचन. कोळसा आणि वाफ, कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या अभिक्रियेत अल्कली कार्बोनेटं उत्प्रेरक ठरतात हे टेलर आणि नेव्हिल यांनी १९२१ मध्येच मांडलं होतं. पुढे १९७० च्या दशकात एक्सॉनने टेक्सासमधल्या बेटाऊनला दगडी कोळशावर पोटॅशियम कार्बोनेट घालून पायलट प्लांट चालवला. तापमान ७०० अंशांच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा बरंच कमी. तेलाचे भाव पडल्यावर असल्या सगळ्या योजनांची हवा गेली. पण त्यांची आणखी एक डोकेदुखी होती आणि ती आपल्या कामाची आहे. दगडी कोळशाच्या राखेतलं ॲल्युमिनोसिलिकेट (ॲल्युमिना आणि सिलिका यांचं संयुग) पोटॅशियमला धरून बसायचं. पाण्याने धुतलं तरी सगळं परत मिळायचं नाही.

म्हणजे आमच्या खोलीतली पहिली आणि तिसरी पोती एकमेकांच्या वैरी आहेत. हे तपासायला हवं.

२३ डिसेंबर

तपासलं. स्पेंटवॉश राखेच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कोळसा घेतला, त्यात फ्लाय ॲश मिसळली.

कोरड्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वेग थोडा घटला, पण मेला नाही. मग वायू कोमट पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आणला, म्हणजे सोबत वाफ आली. आता वेग घसरून नुसत्या कोळशाच्या जवळपास आला.

वाफेने एवढा फरक का पडावा यावर सरांशी बराच वेळ बोलणं झालं. कारण असं : पोटॅशियम क्लोराइडला ॲल्युमिनोसिलिकेटमध्ये शिरायचं तर क्लोरीन सोडावा लागतो, आणि तो हायड्रोजन क्लोराइड होऊन जातो. त्यासाठी लागणारा हायड्रोजन वाफेतून येतो. कोरड्या वायूत ही वाट जवळजवळ बंद. गॅसिफायरमध्ये तर वाफ असतेच, लाकूडच ओलं असतं. तिथे फ्लाय ॲश पोटॅशियम गिळणार हे धरून चालायचं. गिळलेलं पोटॅशियम काल्सिलाइट किंवा ल्युसाइट या खनिजांच्या रूपात बसतं. दोन्ही १,५०० अंशांच्या पुढे वितळणारी, पाण्यात न विरघळणारी आणि कोळशाच्या दृष्टीने निरुपयोगी.

फ्लाय ॲशच्या 'उपयोगाचे' प्रकल्प सध्या जिकडेतिकडे आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर शंभर टक्के राख वापराचं बंधन घातलं, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत फ्लाय ॲश घालून बघायची टूम निघाली आहे. विटांत, सिमेंटात, रस्त्याच्या भरावात ती उत्तम. उत्प्रेरक म्हणून नाही. निदान ही राख नाही.

२८ डिसेंबर

स्पेंटवॉशची राख थेट लाकडात मिसळली तर तिच्यातली सिलिका आणि वाळूही गॅसिफायरमध्ये जाईल. ते नको. म्हणून राखेचा अर्क.

राखेच्या पाचपट पाणी, लोखंडी पिंपात, लाकडी दांड्याने ढवळायचं, रात्रभर निवू द्यायचं. सकाळी वरचं पाणी चहासारखं तांबूस, तळाशी गाळ. दुहेरी पंचातून गाळलं. लाल लिटमस निळा होतो, बोटांना बुळबुळीत लागतं. हातमोजे घालूनच काम. तळाचा गाळ वाळवून पुन्हा तराजूच्या भट्टीत कोळशाबरोबर घालून पाहिला. त्याच्यात दम उरलेला नाही, म्हणजे कामाचा माल पाण्यात उतरला.

बाभळीचे ठोकळे अर्कात बुडवून ठेवले. ओलं लाकूड आतपर्यंत पीत नाही, वाळलेलं पितं. हिवाळ्याचं ऊन चांगलं आहे, गच्चीवर वाळत घातले. आमच्या डाउनड्राफ्ट (वायू खालच्या बाजूने ओढणाऱ्या) गॅसिफायरला ओलावा पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली हवा.

३ जानेवारी २०२५

गॅसिफायरची पायाभूत फेरी, बिनराखेची. यंत्र डाउनड्राफ्ट आहे, तासाला दहा किलोच्या आसपास लाकूड खाणारं : वर हॉपर, मध्ये हवेची नोझलं, त्याखाली घसा (अरुंद भाग), मग हलणारी जाळी, पुढे धूळ वेगळी करणारा सायक्लोन, वायू पाण्याने धुणारा स्क्रबर, वायू ओढणारा ब्लोअर आणि शेवटी ज्योत. बनावट आमच्याच वर्कशॉपची.

नवख्या वाचकासाठी एवढंच : लाकूड वरून खाली सरकतं. आधी वाळतं, मग त्याचा धूर आणि कोळसा होतो, मग नोझलपाशी थोडी हवा मिळून त्यातलं काही जळतं. गरजेच्या तीसेक टक्केच हवा द्यायची. या जळण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ खालच्या तापलेल्या कोळशातून जातात आणि त्यांचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. ही शेवटची पायरी उष्णता खाते : कार्बन डायऑक्साइडची मोलला १७२ किलोज्यूल, वाफेची १३१. त्यामुळे वायू पुढे सरकताना थंड होत जातो, आणि ७०० अंशांच्या आसपास सगळं थिजतं. उरलेला कोळसा जाळीतून खाली पडतो. तेवढं इंधन वाया.

महाराष्ट्रात हे नवं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचं पाचट आणि बगॅस चालवणारा गॅसिफायर उभा करून भट्ट्यांना जोडून दाखवला होता. आणि महायुद्धाच्या काळातल्या कोळशाच्या गॅसवरच्या मोटारी आठवणारी माणसं आता आता पर्यंत भेटायची.

ज्योत वीस मिनिटांत धरली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर गळ्यातच ठेवला होता. राखेचं झाकण उघडताना तो ओरडला. यापुढे ब्लोअर बंद केल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही. शेडच्या तिन्ही बाजू उघड्या आहेत म्हणून निष्काळजीपणा करायचा नाही. हा वायू वासावरून कळत नाही. आपल्याला वास येतो तो धुराचा.

९ जानेवारी

अर्कात भिजवलेल्या ठोकळ्यांची फेरी.

जाळीखाली पडलेला कोळसा नक्की कमी. वजन करून, वाळवून, राख वजा करून बघितलं, तरी कमी. पण तराजूवर जी घाई दिसली होती तिच्या मानाने हा फरक किरकोळ वाटला. ऑर्साटवर, म्हणजे वायूतले घटक एकेक करून शोषून मोजणाऱ्या काचेच्या उपकरणावर, वायू तपासला : कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशमध्ये शोषला, ऑक्सिजन पायरोगॅलॉलमध्ये, कार्बन मोनॉक्साइड क्युप्रस क्लोराइडमध्ये. पायाभूत फेरीशी तुलना केली तर फरक ऑर्साटच्या चुकीच्या मर्यादेतच आहे.

संध्याकाळी सगळे जरा हिरमुसले. मला मात्र हा निकाल पटतो. घशापाशी तापमान हजार अंशांच्या वर असतं. तिथे अभिक्रिया आधीच इतकी वेगवान की अडचण रसायनाची नसतेच. वायू कोळशाच्या छिद्रांत किती लवकर शिरतो यावर सगळं अडतं. तिथे उत्प्रेरक घाला वा न घाला. उत्प्रेरकाची खरी जागा त्याच्या खाली, जिथे वायू ९०० च्या खाली उतरतो आणि नुसता कोळसा दमतो. आमच्या यंत्रात घसा ते जाळी हे अंतर जेमतेम वीतभर. तेवढ्या जागेत पोटॅशियमने दाखवावं तरी काय?

म्हणजे प्रश्न 'कुठली राख' एवढाच नाही, 'कुठल्या यंत्रात' हाही आहे. ८०० ते ८५० अंशांवर चालणाऱ्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (खालून हवा सोडून उकळता ठेवलेल्या वाळूच्या थरात) हीच राख जास्त कामाची ठरावी. पण तिथे तिचं चिकटणं बेडच गोठवेल.

वायूच्या वाटेत एक वेगळा वास येतोय, कुजक्या अंड्याचा. तो नंतर बघू.

११ जानेवारी

पांढऱ्या कोळशाची फेरी. म्हणजे बाजारात मिळणारे ब्रिकेट, आमचे पाचटाचे. ज्या भट्टीवाल्यांना हे यंत्र दाखवायचं त्यांच्याकडे लाकूड नाही, हेच आहे, त्यामुळे शेवटी हेच चालवून दाखवावं लागणार. अर्क वरून शिंपडून वाळवले.

सुरुवात छान. मग यू-नळीतलं निळीचं पाणी हळूहळू चढायला लागलं. जाळीच्या वर आणि खाली दाबाचा फरक किती ते ती नळी सांगते. पाणी चढतंय याचा अर्थ वाट बुजतेय. जाळी हलवली की दोन मिनिटं उतरायचं, पुन्हा वर. शेवटी दांडा हलेचना. ज्योत पिवळी, मग नुसता धूर. बंद केलं.

थंड झाल्यावर मामांनी घशातून पहारीने एक गोळा काढला. काळा-हिरवा, काचेसारखा, आत बुडबुडे. हातात फिरवून म्हणाले, "ह्ये खंगर झालंय बघा, वीटभट्टीतल्यावानी." अगदी तसाच. पाचटातली सिलिका, अर्कातलं पोटॅश, दोघं एकत्र आले की साडेसातशे अंशांच्या पुढे पातळ काच व्हायला लागते. कोळशाला पळवणारं पोटॅशियम आणि राखेला चिकटवणारं पोटॅशियम एकच. बाभळीत सिलिका कमी आणि चुना जास्त, म्हणून तिथे हे झालं नव्हतं.

यात्रेची सुट्टी लागतेय. सिद्धेश्वराचा गड्डा संपेपर्यंत कॉलेजात कुणी फिरकणार नाही. घसा तोवर घासून ठेवायचा आहे.

१७ जानेवारी

आज फ्लाय ॲशचा दिवस. शिंपडलेल्या ब्रिकेटवर फ्लाय ॲशचा हात फिरवून तीच फेरी घेतली.

खंगर नाही. तळाशी मोकळी, भुरभुरीत राख, बोटाने फुटणारे एक-दोन खडे. यू-नळी शेवटपर्यंत शांत. आणि जाळीखालचा कोळसा? बिनअर्काच्या ब्रिकेटएवढाच. म्हणजे फ्लाय ॲशने गोंदही काढला आणि उत्प्रेरकही. २३ डिसेंबरला तराजूवर जे दिसलं तेच इथे, फक्त मोठ्या मापात.

डेन्मार्कमध्ये हे जाणूनबुजून करतात. कोपनहेगनजवळच्या आवेडोर केंद्रात लाकडाची पूड जाळताना दगडी कोळशाची राख सोबत सोडतात, ती पोटॅशियम धरून ठेवते आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर बसत नाही. तिथे पोटॅशियम हा फक्त शत्रू आहे, त्यामुळे गणित सोपं. आम्हाला तेच पोटॅशियम घशाच्या खाली हवंय आणि राखेत नकोय.

मग मला फ्लाय ॲशची किंमत कळली. उत्प्रेरक म्हणून शून्य, पण पाचटासारखं खंगर धरणारं इंधन नुसतं चालवायचं असेल, अर्क-बिर्क न घालता, तर मूठभर फ्लाय ॲश भट्टीवाल्याचा दिवस वाचवेल. ही गोष्ट प्रस्तावात कुठेच नव्हती. प्रकल्पाच्या नावात 'उत्प्रेरक' आहे म्हणून ती अहवालातून गाळायची का? मी गाळणार नाही.

२३ जानेवारी

कुजक्या अंड्याच्या वासाचा छडा.

लेड ॲसिटेटचा कागद ओला करून भिजवलेल्या बाभळीच्या वायूत धरला : काही सेकंदांत तपकिरी, मग काळा. बिनभिजवलेल्याच्या वायूत जवळपास पांढराच. हायड्रोजन सल्फाइड.

स्क्रबरचं पाणी घेतलं, नायट्रिक आम्ल घालून उकळलं (नाहीतर सल्फाइडच काळं होऊन फसवतं), मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका. क्लोराइड.

पैकी गंधकाचा भाग समजून घेण्यासारखा आहे. सल्फेट तापलेल्या कोळशावर आधी सल्फाइड होतं, मग वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं कार्बोनेट होतं आणि गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन उडतं. म्हणजे आमची राख गॅसिफायरच्या आतच स्वतःला कार्बोनेट बनवते आणि म्हणूनच काम करते. दुर्गंधी ही त्या कामाची बिलपावती.

यावरून माझं मत पक्कं झालं : हा वायू इंजिनात घालायचा नाही. क्लोराइड आणि गंधक दोन्ही धातू खातात, आणि धुण्याचा खर्च इंधनापेक्षा जड होईल. उष्णतेसाठी, म्हणजे थेट भट्टीखाली जाळायला, ठीक. तिथेही चिमणीतून सल्फर डायऑक्साइड जाणार, तेव्हा अर्क बेतानेच.

स्क्रबरच्या पाण्यात पोटॅश आहे, मग ते शेताला द्या, असं आमच्या एका विद्यार्थ्याने सुचवलं. त्यात फेनॉलही आहेत आणि टारही (लाकडाच्या धुरातलं डांबरासारखं द्रव्य). हे पाणी कुठल्याही बांधावर सोडायचं नाही.

३१ जानेवारी

आणखी राख आणायला कारखान्यावर गेलो. पहिली पोती त्यांनी फुकट दिली होती. या खेपेला चीफ केमिस्ट हसले. म्हणाले, "मॅडम, आता राख अशी उचलून द्यायला मिळत नाही. ती विकली जाते."

खरं आहे. मळीपासूनचं पोटॅश, पीडीएम, खत नियंत्रण आदेशात बसलेलं आहे : किमान १४.५ टक्के पोटॅश. केंद्राने त्याला पोषणतत्त्व-आधारित अनुदानात घेतलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि खत कंपन्यांमध्ये टनाला ४,२६३ रुपये हा दर ठरल्याचं जाहीर झालं. भारत म्युरेट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो, तेव्हा ही राख शेतातच जावी यात वावगं काही नाही. उसाचं पोटॅश उसाला परत.

आमच्या प्रस्तावातलं पहिलंच वाक्य मात्र 'टाकाऊ राखेचा वापर' असं आहे. ते बदलावं लागेल. आता उत्प्रेरकाचा हिशेब असा मांडायचा : राख विकत घ्यायची, कोळसा जरा जास्त जाळायचा, आणि पोटॅशियम वायूबरोबर पळून न जाता राखेत उरलं तर तीच राख पुन्हा खत म्हणून विकायची. बाभळीवर हे जमण्यासारखं आहे, कारण तिथे पोटॅशियमला अडकवणारी सिलिका नाही. पाचटावर नाही. काचेत अडकलेलं पोटॅश पिकाला मिळत नाही.

अर्धं पोतं मिळालं, नमुना म्हणून, सही घेऊन.

७ फेब्रुवारी

१७ जानेवारीच्या राखेत अडकलेलं पोटॅशियम सोडवता येतं का? एक्सॉनवाले त्यांची राख चुन्याबरोबर पाण्यात तापवायचे, दाबाखाली. कॅल्शियम ॲल्युमिनोसिलिकेटमध्ये जाऊन बसतं आणि पोटॅशियमला बाहेर ढकलतं. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह नाही, म्हणून उघड्या पातेल्यात ताजा भाजलेला चुना (विरलेला नव्हे) घालून उकळलं. गाळलेल्या पाण्याचा थेंब प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन बर्नरमध्ये धरला. नुसत्या डोळ्यांना सोडियमचा पिवळाच दिसतो. कोबाल्टच्या निळ्या काचेतून जांभळा दिसला, पण फिका. बिनचुन्याच्या पाण्यातही जवळपास तेवढाच. उघड्या पातेल्याचं हे काम नाही. सोडून दिलं.

१० फेब्रुवारी

सर विचारतात, टारचं काय? आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटल्या बर्फात ठेवून वायू ओढला, अल्कोहोल उडवून उरलेल्या तेलकट डागाचं वजन घेतलं. भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या बाभळीत फरक सांगण्याजोगा नाही. डाउनड्राफ्टला टार मुळातच कमी, घनमीटरला एक ग्रॅमच्या आसपास धरतात, अपड्राफ्टला (वायू वरून काढणाऱ्या यंत्राला) त्याच्या पन्नास-शंभरपट. टार फोडायला पोटॅशियमपेक्षा चुना बरा. भाजलेला डोलोमाइट (मॅग्नेशियमही असलेला चुनखडीसारखा दगड) त्यासाठीच वापरतात, आणि ऑस्ट्रियात ग्युसिंगच्या गॅसिफायरमध्ये ऑलिव्हिन या खनिजाच्या वाळूचा बेड होता.

पण चुन्याला एक खोड आहे. आमच्या वायूत बारा टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर ७६५ अंशांच्या खाली भाजलेला चुना परत चुनखडी होतो. फुगतो, छिद्रं बुजतात, टार तसाच निघून जातो. आमच्या जाळीखाली सायक्लोनपर्यंत एवढं तापमान कुठेच नाही. चुन्याचा बेड लावायचा तर वेगळं, बाहेरून तापवलेलं भांडं हवं. तो दुसरा प्रकल्प.

१४ फेब्रुवारी

सरांबरोबर बसून पुढचं ठरवलं.

पाचटावर अर्क बंद. पाचटासाठी फक्त फ्लाय ॲश, खंगर रोखायला. किती कमीत कमी लागते ते शोधायचं, कारण जास्त घातली की हॉपरमध्ये ब्रिकेट अडकतात.

बाभळीवर अर्क चालू, पण घसा आणि जाळीमधलं अंतर वाढवून. मामांनी खडूने जमिनीवर नवा घेर काढून दाखवलाय : जाळी खाली नेली की दांड्याची बिजागरीही बदलावी लागेल, आणि बाहेरून ग्लासवूल गुंडाळलं नाही तर लांबवलेला भाग थंडच पडेल. तीन मिलिमीटरचा एसएस (स्टेनलेस स्टील) पत्रा शिल्लक आहे. क्लोराइड बघता एमएस (साधं पोलाद) नको असं मी म्हटलं. मामा म्हणाले, एसएसलाही क्लोराइड सोडत नाही, मग महागाचं कशाला, एमएसच लावू आणि वर्षाने बदलू. त्यांचं ऐकलं.

बाभळीच्या फेरीतली राख मातीपरीक्षणवाल्यांकडे दिली आहे, पाण्यात विरघळणारं पोटॅश किती ते बघायला. ग्लासवूल आणि झाकणाच्या गॅस्केटची मागणी आज स्टोअरला टाकली.